पंप घेऊनही धाप लागते, तर तो सोडावा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, कारण पुढचे सारे विवेचन त्यातल्या तपशिलांवरच उभे आहे. तुमचे वय ६१ वर्षे आहे. सुमारे ३० वर्षांचे धूम्रपान तुम्ही दोन वर्षांपूर्वी सोडले. जिना चढताना आणि सपाट रस्त्यावर भरभर चालताना धाप लागते, सकाळी कफ पडतो. स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत जोराने फुंकायच्या तपासणीत, श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्याचे दिसले आणि सीओपीडी असे निदान झाले. डॉक्टरांनी दोन पंप दिले: कॅप्सूल घालून रोज सकाळी ओढायचा टायोट्रोपियमचा, आणि गरज पडेल तेव्हा घ्यायचा सालब्युटामॉलचा फवारा. तीन आठवडे ते वापरून तुम्ही तपासणी पुन्हा केली, तेव्हा आकडा जवळजवळ होता तिथेच राहिला, धापही ‘तशी होतीच’, आणि त्यात कोणीतरी सांगितले की पंपाची एकदा सवय लागली की तो जन्मभर सुटत नाही. म्हणून पंप सोडून गोळ्यांवर भागवावे का, असे तुम्ही विचारता.

सोडू नये, असे माझे मत आहे. निदान आत्ता तरी नाही. ‘पंपाने काहीच होत नाही’ ही तक्रार छातीच्या डॉक्टरला जवळजवळ रोज ऐकावी लागते, आणि तिच्या मागे बहुधा तीनपैकी एखादे कारण निघते. एक तर औषध फुफ्फुसात पोहोचतच नसते. किंवा पोहोचते, पण त्याचा परिणाम जिथे दिसणार नाही अशा जागी शोधला जातो. किंवा मग धापेचे कारण श्वासनलिकांखेरीज आणखी काही तरी असते. औषध मुळातच लागू न पडणे हे त्यानंतरचे आणि बरेच विरळ कारण आहे. तुमच्या पत्रावरून पहिली दोन्ही कारणे एकत्र आली असावीत असा मला दाट संशय येतो.

दुसऱ्या कारणापासून सुरुवात करतो, कारण ते समजले की या आजारातल्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. धाप लागली की आपल्याला वाटते, हवा आत येत नाही. प्रत्यक्षात या आजारात अडचण असते ती हवा बाहेर जाण्याची. निरोगी फुफ्फुस स्पंजासारखे लवचिक असते. श्वास सोडताना ते स्वतःच्याच ओढीने आकसते आणि त्याच वेळी त्याच्यातील बारीक नलिकांना चहूबाजूंनी ताणून उघडे ठेवते. अनेक वर्षांच्या धुराने वायुकोशांच्या भिंती झिजतात, ती ओढ ढिली पडते, आणि दोन मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीच्या नलिका सुजेमुळे, कफामुळे व आधार सुटल्यामुळे श्वास सोडताना लवकर मिटतात. मग थोडी हवा आतच अडकते. स्वस्थ बसलेले असताना श्वास सावकाश चालतो, म्हणून ती हवा कशीबशी निघून जायला वेळ मिळतो. जिना चढू लागलात की श्वासाची गती वाढते, सोडायला मिळणारा वेळ घटतो, आणि प्रत्येक श्वासामागे थोडी थोडी हवा शिल्लक राहत छाती फुगत जाते. हे काय असते ते तुमच्या घरातल्या निरोगी माणसांना कळावे असे वाटत असेल, तर त्यांना छाती पूर्ण भरून घ्यायला सांगा, त्यातली थोडीशीच हवा सोडायला सांगा, आणि त्या भरलेल्या छातीवरच पुन्हा पुन्हा श्वास घ्यायला सांगा. अर्ध्या मिनिटात त्यांना तुमच्या जिन्याची कल्पना येईल.

टायोट्रोपियमसारखे औषध नलिकांभोवतीचा स्नायू सैल करते, त्यामुळे अडकलेली हवा थोडी अधिक बाहेर पडते आणि छातीला पुढच्या श्वासासाठी जागा मिळते. स्पायरोमेट्रीतला जो आकडा तुम्ही पाहिला, तो बहुधा पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेल्या हवेचा असणार. त्यात शंभर मिलिलिटरच्या आसपास वाढ झाली तरी ती या आजारात अर्थपूर्ण मानली जाते. आणि गंमत अशी, की एकाच बैठकीत मारलेल्या दोन उत्तम फुंकरींमध्ये १५० मिलिलिटरपर्यंतचा फरक तपासणीच्या नियमांनुसारही ग्राह्य धरतात. म्हणजे तुमची खरी सुधारणा त्या एका कागदावर हरवून जाणे अगदी शक्य आहे. सुमारे सहा हजार रुग्णांना चार वर्षे टायोट्रोपियम किंवा निरौषध पावडर देऊन केलेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसांची क्षमता वर्षागणिक ज्या वेगाने घटते तो वेग त्या औषधाने कमी झाला नाही, हे त्यात स्पष्ट दिसले; पण आजार अचानक उसळण्याचे प्रसंग कमी झाले आणि दैनंदिन जगणे सुसह्य झाले, हेही तितकेच स्पष्ट दिसले. पंपाकडून काय मागावे आणि काय मागू नये, याचे उत्तर त्यात आहे. झिजलेले फुफ्फुस तो परत आणून देत नाही. तीच चढण एकदा कमी थांबून चढता येणे, आंघोळ आणि कपडे घालणे यांनंतर बसून राहावे लागण्याचा वेळ कमी होणे, वर्षातून दोनदा येणारे आजारपण एकदाच येणे, या स्वरूपाचा त्याचा लाभ असतो.

तेव्हा कसोटी बदला. एक ठरावीक जिना किंवा ठरावीक अंतर निवडा, आणि आठवड्यातून एकदा, दिवसाच्या साधारण त्याच वेळी, ते पार करताना किती वेळा थांबावे लागले आणि श्वास पूर्ववत व्हायला किती मिनिटे लागली, एवढेच वहीत लिहा. ‘बरे वाटते का’ हा प्रश्न स्वतःला विचारू नका. माणूस आपल्या धापेशी नकळत जुळवून घेतो, हळू चालू लागतो, वरच्या मजल्यावर जाणेच टाळतो, आणि मग धाप तेवढीच वाटते. औषधाने थोडी मोकळीक दिली की तो पुन्हा जरा वेगाने चालतो आणि धाप पुन्हा तेवढीच वाटते! या दुसऱ्या प्रकारात औषध चांगले काम करत असते, फक्त रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. बरोबरची व्यक्ती अनेकदा हे आधी ओळखते.

आता पहिल्या कारणाकडे वळू. तुम्हाला दिलेले दोन पंप एकमेकांच्या उलट पद्धतीने ओढावे लागतात, आणि हे बहुतेक रुग्णांना कोणी नीट सांगितलेलेच नसते. फवाऱ्याच्या पंपात औषध दाबाखालच्या वायूसोबत वेगाने बाहेर फेकले जाते. तेथे श्वास सावकाश, चार ते पाच सेकंद लांबवून घ्यायचा असतो. घाईने ओढलात तर औषधाचे थेंब वळण घेऊ शकत नाहीत आणि घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच चिकटतात. पावडरच्या पंपात मात्र औषध फेकणारे काहीच नसते. ती पावडर मोकळी करून आत नेणारी शक्ती ही तुमच्याच श्वासाची असते, म्हणून तेथे बहुतेक उपकरणांत सुरुवातीपासूनच जोराने आणि खोल ओढावे लागते. त्यातही तुमच्यासारख्या कॅप्सूलच्या काही उपकरणांत हवेला आतच बराच अडथळा ठेवलेला असतो. त्यांत झटका मारायची गरज नसते, पण कॅप्सूल थरथरल्याचा आवाज कानाला ऐकू येईल इतकी तरी ओढ लागली पाहिजे आणि तो श्वास छाती भरेपर्यंत टिकला पाहिजे. आवाज आला नाही, तर औषध गेले नाही असे समजावे.

क्रम असा ठेवा. कॅप्सूल वेष्टनातून वापरायच्या क्षणीच काढा, कारण दमट हवेने पावडर गोळा होते. ती उपकरणात ठेवून, झाकण बंद करून, टोचण्याची कळ एकदाच पूर्ण दाबून सोडा. मग उपकरण तोंडापासून दूर धरून श्वास शक्य तितका बाहेर सोडा. ही पायरी सर्वांत जास्त गाळली जाते, आणि आधी सांगितलेल्या कारणामुळे तुम्हा मंडळींना तिची गरज सर्वांत अधिक असते, कारण छाती आधीच भरलेली असली तर औषध घेऊन जाणाऱ्या श्वासाला आत जागाच उरत नाही. उपकरणात मात्र कधीही फुंकू नका. उच्छ्वासातली वाफ पावडरला लागते. ओठ घट्ट मिटून, मान किंचित वर ठेवून ओढा, नंतर उपकरण बाजूला करून सुमारे दहा सेकंद, किंवा जेवढे सहज जमेल तेवढे, श्वास रोखून धरा. टायोट्रोपियमच्या कॅप्सूलमधून दुसऱ्यांदा ओढायचे असते, त्याच कॅप्सूलमधून. हे अनेकांना ठाऊक नसते. शेवटी कॅप्सूल उघडून पाहा. आत पावडर राहिली असेल, तर दोष औषधाचा नाही.

फवाऱ्याचा पंप आधी नीट हलवावा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर माहितीपत्रकात सांगितले असेल तितके फवारे हवेत सोडून मग वापरावा. श्वास बाहेर सोडून, सावकाश आत घ्यायला सुरुवात करताच कळ दाबावी आणि श्वास तसाच पुढे चालू ठेवावा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हा हलवून घ्यावा. हात आणि श्वास यांची ही जुळवणी भल्याभल्यांना साधत नाही, म्हणून मी बहुतेकांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची ती पोकळ नळकांडी, वापरायला सांगतो. फवारा आधी तिच्यात जातो, मोठे थेंब तिच्याच भिंतींवर बसतात, आणि बारीक थेंब तुम्हाला सवडीने ओढून घेता येतात. पंपाच्या एकेका मात्रेतला साधारण १० ते २० टक्के भाग फुफ्फुसात पोहोचतो, तोही पद्धत बरोबर असेल तर. तेव्हा पद्धतीतल्या चुकीने त्यातलेही निम्मे गेले तर हाती काय उरते याचा हिशेब करून पाहा. स्पेसर साबणाच्या सौम्य पाण्यात धुऊन निथळू द्यावा, फडक्याने पुसू नये. पुसल्याने प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध त्यालाच चिकटून बसते.

झाकण न काढता पंप ओढणारे, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे, रिकामा पंप केवळ वायूचा आवाज येतो म्हणून महिनाभर वापरणारे, असे सगळे प्रकार आम्हाला पाहायला मिळतात, आणि त्यांतले कित्येक जण उच्चशिक्षित असतात. यात हसण्यासारखे काही नाही. दोष सांगणाऱ्यांचा आहे. पुढच्या भेटीत पंप बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर किंवा परिचारिकेसमोर तो प्रत्यक्ष घेऊन दाखवा. ‘मला जमते’ एवढे सांगून थांबू नका. दाखवून पाहिल्याशिवाय ते कोणालाच कळत नाही, मलाही नाही. जोराने ओढण्याइतकी ताकद तुमच्या श्वासात नाही असे दिसले, तर तेच औषध फवाऱ्यातून किंवा सावकाश धुके सोडणाऱ्या उपकरणातून देता येते. एकाच माणसाला शक्यतो एकाच पद्धतीची उपकरणे द्यावीत, या मताचा मी आहे. तुमच्याकडे दोन परस्परविरोधी उपकरणे आहेत, ही बाब आवर्जून काढा.

गोळ्यांचा प्रश्न साध्या अंकगणिताने सुटतो. सालब्युटामॉलचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा असतो, आणि त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची. चार मिलिग्रॅमची गोळी म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतके औषध, जे पोटातून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरात फिरून शेवटी श्वासनलिकांपाशी पोहोचते. वाटेत हात थरथरतात, छाती धडधडते आणि झोप उडते. थिओफायलीन नावाची जुनी गोळी आहे, तिचा उपयोग होतो, पण उपायकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. काही प्रतिजैविकांनी तिचे रक्तातले प्रमाण वाढते, आणि धूम्रपान सोडल्यावरही वाढते, जे तुमच्यासारख्याच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे आहे. वारंवार उसळी येणाऱ्या काही निवडक रुग्णांना इतर काही गोळ्या देतात, पण त्या पंपाच्या जोडीला. त्याच्या जागी नव्हे.

सवयीची भीती मात्र मुळातूनच वेगळी आहे. व्यसनात शरीर पदार्थाची मात्रा वाढवून मागते आणि तो न मिळाल्यास तडफडते. टायोट्रोपियमचे तसे काही होत नाही. चष्मा लावणाऱ्याला चष्म्याची सवय लागली असे आपण म्हणतो खरे, पण डोळे अधू होते म्हणून चष्मा आला, चष्म्याने डोळे अधू केले नाहीत. पंप बहुधा दीर्घकाळ घ्यावा लागतो, हे मी लपवून ठेवणार नाही, पण त्याला कारण आजार कायमचा आहे हे होय. या भीतीत तथ्याचा एक कण आहे, तोही सांगतो. सालब्युटामॉलचा फवारा दिवसातून पुन्हा पुन्हा घ्यावा लागू लागला, तर ती सवय लागल्याची नव्हे, आजार बळावल्याची किंवा नियमित औषध अपुरे पडत असल्याची खूण असते. तो किती वेळा लागतो, हे त्याच वहीत लिहीत जा. सालब्युटामॉल पाच मिनिटांत काम सुरू करते आणि चार ते सहा तास टिकते, तर टायोट्रोपियमचा परिणाम चोवीस तास राहतो. पहिले घेतल्यावर ‘कळते’ आणि दुसरे ‘कळत नाही’, म्हणून लोक दुसरे सोडून पहिल्यावर विसंबतात. हा उलटा हिशेब आहे.

तुम्ही विचारले नाही, पण पुढे प्रश्न येईलच, म्हणून स्टेरॉइडच्या पंपाविषयी लिहून ठेवतो. दम्यात ओढायचे स्टेरॉइड हा उपचाराचा पायाच असतो आणि त्यावाचून नुसते दीर्घकाळ टिकणारे नलिका-प्रसारक, म्हणजे श्वासनलिका रुंद करणारे, औषध देणे धोक्याचे ठरते. सीओपीडीत तसे नाही. ज्यांना आजाराची उसळी वारंवार येते आणि ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल या पेशी प्रति मायक्रोलिटर ३०० किंवा त्याहून अधिक असतात, त्यांना स्टेरॉइडची जोड चांगली लागू पडते. त्या १०० पेक्षा कमी असतील तर लाभाची शक्यता फार थोडी. दुसऱ्या पारड्यात न्यूमोनियाचा वाढीव धोका आहे, जो २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ठळकपणे पुढे आला आणि नंतरही दिसत राहिला. त्यामुळे धाप कमी होत नाही म्हणून सरसकट स्टेरॉइडचा पंप जोडणे मला पटत नाही. तुमच्यासारख्याला आधी दुसरे दीर्घकाळ टिकणारे नलिका-प्रसारक जोडून पाहावे. मात्र लहानपणी दमा होता, धाप दिवसागणिक फार कमीजास्त होते, किंवा रात्री छातीत शिट्टी वाजून जाग येते, असे काही असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण मग सारा विचारच बदलतो. स्टेरॉइड कधी सुरू झालेच, तर प्रत्येक वेळी चूळ भरून पाणी थुंकून टाकायचे. नाही तर घसा बसतो आणि तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात.

टायोट्रोपियमने तोंड कोरडे पडते. बहुतेकांना ते सोसते. पुरस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, वाढलेली असेल तर लघवी अडखळू शकते, आणि काचबिंदूचा एक विशिष्ट प्रकार असणाऱ्यांनी औषध डोळ्यांत जाणार नाही याची खबरदारी घ्यावी. तुमच्या वयात यांतले काही असणे नवलाचे नाही, तेव्हा विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगा.

तिसरे कारण राहिले. इतकी वर्षे धूम्रपान केलेल्या माणसाची हृदयाला रक्त पुरवणारी धमनीही अरुंद झालेली असू शकते, आणि तिची पहिली खूण कित्येकदा छातीत दुखणे नसून धाप हीच असते. रक्तातले हिमोग्लोबिन कमी असणे हे तितकेच साधे आणि तितकेच विसरले जाणारे कारण आहे. स्पायरोमेट्रीतली घट मध्यम आणि धाप मात्र फार, अशी विसंगती असेल, तर हृदयाचा आलेख, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी आणि रक्ततपासणी झाल्याशिवाय पंपाला बोल लावू नये. कफातून रक्त पडले किंवा वजन विनाकारण घटू लागले, तर पंपाचा विचार बाजूला ठेवून छातीची तपासणी आधी करून घ्यावी.

पंपाबाहेरच्या गोष्टींपैकी सर्वांत मोठी तुम्ही करून चुकला आहात. धूम्रपान सोडणाऱ्यांत फुफ्फुसाची क्षमता वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने घटते आणि ते चालू ठेवणाऱ्यांत सुमारे दुप्पट वेगाने, असे दीर्घकालीन पाहणीत आढळले आहे. क्षमतेची घसरण मंदावण्यात धूम्रपान सोडण्याची बरोबरी करणारे औषध आमच्याजवळ नाही. त्याखालोखाल मी चालण्याच्या शिस्तबद्ध व्यायामाला मान देतो, आणि याबाबतीत आम्ही डॉक्टर कमी पडतो हे कबूल करतो, कारण पंप लिहून देणे दोन ओळींचे काम आहे आणि माणसाला चालते करणे दोन महिन्यांचे. धाप लागते म्हणून रुग्ण हालचाल टाळतो, मांड्यांचे स्नायू खंगतात, खंगलेले स्नायू त्याच कामाला अधिक प्राणवायू मागतात, आणि धाप आणखी लवकर लागते. हे चक्र पायांपाशी तोडता येते. श्वसन-पुनर्वसन नावाचा देखरेखीखालचा कार्यक्रम सहसा सहा ते आठ आठवड्यांचा असतो. तो उपलब्ध असेल तर अवश्य घ्या. नसेल तर डॉक्टरांना विचारून रोज सपाटीवर, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चाला, आणि दर आठवड्याला थोडा वेळ वाढवा. चालण्याआधी दहा-पंधरा मिनिटे सालब्युटामॉलचे दोन फवारे घ्यायला हरकत आहे का, हेही विचारून ठेवा. पुष्कळांना त्याने उमेद येते. चढताना नाकाने श्वास घेऊन, मेणबत्ती विझू न देता नुसती हलवावी तशा मिटल्या ओठांतून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा. ओठांशी निर्माण होणारा हा किंचित दाब नलिकांना आतून आधार देतो आणि अडकलेल्या हवेला वाट करून देतो. दम फार लागला तर पुढे झुकून हात टेबलावर किंवा गुडघ्यांवर टेकवा. फ्लू आणि न्यूमोकोकस यांच्या लसी घ्या.

घरी प्राणवायूचे यंत्र आणावे का, हा प्रश्न अनेक कुटुंबे विचारतात. विश्रांतीत असतानाही रक्तातला प्राणवायू फारच कमी, ढोबळमानाने बोटावरच्या यंत्रात ८८ टक्के किंवा त्याखाली, राहत असेल, तर दिवसातून १५ तास किंवा अधिक प्राणवायू घेतल्याने आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी दाखवून दिले. इतरांना त्याचा तसा लाभ होत नाही. धाप आणि प्राणवायूची कमतरता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची धाप अडकलेल्या हवेची आहे; तिच्यावर प्राणवायूचा उतारा नाही. नेब्युलायझरने ‘वाफ’ घेण्याबद्दलही तसेच: औषध तेच असते, आणि स्पेसरमधून नीट घेतलेले फवारे बहुतेक वेळा तितकेच काम करतात. ज्याला पंप ओढणेच शक्य नाही, त्याच्यासाठी ती सोय आहे.

एका बाबतीत उशीर करू नका. धाप, कफाचे प्रमाण आणि कफाचा रंग या तिन्हींत एक-दोन दिवसांत स्पष्ट वाढ झाली, विशेषतः कफ पिवळा-हिरवा झाला, तर ती आजाराची उसळी आहे. नेहमीचा पंप चालू ठेवून लगेच डॉक्टरांना गाठा. अशा वेळी पाच दिवसांचा स्टेरॉइड गोळ्यांचा क्रम आणि गरजेप्रमाणे प्रतिजैविक पुरेसे होते, पण ते मनाने सुरू करू नये. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर पडले आहेत, गुंगी येते आहे किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले आहे, अशा स्थितीत थेट रुग्णालयात जायचे, आणि तेथे आपल्याला सीओपीडी असल्याचे आधी सांगायचे. कारण या आजारात प्राणवायू मोजून, साधारण ८८ ते ९२ टक्क्यांच्या बेताने द्यावा लागतो, आणि तो बेहिशेबी दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी वाढू शकते.

तेव्हा पुढच्या सहा ते आठ आठवड्यांची आखणी मी अशी करीन. या आठवड्यात दोन्ही पंप आणि स्पेसर घेऊन जा, ओढून दाखवा, चुका सुधारून घ्या. टायोट्रोपियम एकही दिवस न चुकवता, रोज त्याच वेळी घ्या. वहीत आठवड्याची जिन्याची नोंद आणि सालब्युटामॉलच्या फवाऱ्यांची संख्या लिहा, बाकी काही नाही. मुदत संपल्यावर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. नोंदीत फरक दिसला, तर औषध चालू राहील. फरक दिसला नाही आणि पद्धत निर्दोष असल्याची खात्री झाली, तर दुसरे नलिका-प्रसारक जोडावे, आणि हृदयाची व रक्ताची तपासणी राहिली असेल तर ती त्याच भेटीत मागून घ्यावी.